देवास साक्षीस ओढावें काय?

गेल्या कापसाच्या हंगामांत पहूरच्या परिसरांतील एका लहान वस्तीच्या मंडळींत एक प्रसंग घडला. तेथील स्त्रिया दर महिन्यास थोडे थोडे पैसे टाकून भिशी चालवितात, व ती रक्कम पत्र्याच्या पेटींत घालून प्रार्थनामंदिराच्या कपाटांत ठेवितात. एके रविवारीं पेटी उघडली तों ६,४०० रुपये कमी भरले. कपाटाच्या किल्ल्या तिघांजवळ होत्या: दोघे मंडळीचे वडील, आणि तिसरी मंदिर झाडणारी एक विधवा. वडिलांविषयीं कोणी कांहीं बोलेना. त्या बाईविषयीं मात्र बुधवारच्या आंतच सर्व वस्ती बोलूं लागली. शेवटीं एका वृद्ध गृहस्थांनीं तोड सुचविली कीं, पुढच्या रविवारीं सर्वांच्या देखत बाईनें एक हात पवित्र शास्त्रावर व दुसरा आपल्या मुलाच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यावी. तीन आठवड्यांत मुलास कांहीं झालें नाहीं तर ती निर्दोष, झालें तर देवानें निकाल दिला असें समजावें. तेथील उपदेशक आमच्याकडे आले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, पूर्वीं हे लोक बेलभंडार उचलीत, आतां शास्त्र उचलूं म्हणतात. यांत वाईट तें काय? देव सत्य जाणतो कीं नाहीं?"

प्रश्न सरळ मनाचा आहे. 'असें करूं नका' एवढें सांगून आम्हांस मोकळें होतां आलें असतें. परंतु उपदेशकांस वस्तींत परत जाऊन वृद्धांसमोर उभें राहावयाचें होतें, आणि नुसत्या नकारानें वृद्धांचें समाधान होत नसतें. शिवाय हा प्रश्न त्या वस्तींत प्रथमच निघाला असें नव्हे. आपल्या देशांत आणि युरोपांत तो शेंकडों वर्षें न्यायाच्या चावडीवर बसून होता, व युरोपांत तर ख्रिस्ती मंडळीचे याजकच त्याचे चालक होते. त्यांच्या हातून तो कसा सुटला, आणि सुटल्यावरही त्यांचे पाय कोठें घसरले, हें आपल्या मंडळ्यांस ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें.

प्रथम आपल्या घरचें पाहूं. मोठें संकट सोसलें म्हणजे 'दिव्य केलें' असें आपण सहज म्हणतों. पण हा शब्द मूळचा न्यायसभेचा आहे. कागद, भोगवटा व साक्षीदार यांपैकीं कांहींच नसेल तेथें दिव्य करवावें असें याज्ञवल्क्यस्मृतींत सांगितलें असून तुला, अग्नि, जल, विष आणि कोश असे त्याचे पांच प्रकार दिले आहेत. अग्निदिव्यांत हातांवर पिंपळाचीं सात पानें ठेवून त्यांवर पन्नास पळें वजनाचा तापलेला लोखंडी गोळा देत, व तो घेऊन सात मंडळें चालावीं लागत. कोश म्हणजे देवाच्या मूर्तीस स्नान घातलेलें पाणी पाजणें, आणि चौदा दिवसांत त्या मनुष्यावर कांहीं अरिष्ट येतें कीं काय याची वाट पाहणें. आमच्या वस्तींतील वृद्ध गृहस्थांनीं तीन आठवड्यांची मुदत सुचविली ती कोठून आली, हें त्यांस स्वतःसही ठाऊक नसेल. पण ती फार जुन्या वाटेनें चालत आली आहे. इसवी सन ११०० च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्य राजाच्या आश्रयानें विज्ञानेश्वरानें या स्मृतीवर मिताक्षरा नांवाची टीका लिहिली, तींतही दिव्यांचा विधि मोठ्या तपशिलानें आला आहे.

मराठ्यांच्या अमलांत पाटिलकी, कुळकर्ण, देशमुखी असल्या वतनांचे तंटे गोतसभेपुढें चालत. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार आणि शेजारच्या गांवांचे वतनदार बसून निर्णय करीत, व तो महजरावर लिहून प्रत्येकजण आपल्या धंद्याची निशाणी करी. पाटलाची निशाणी नांगराची असे. साक्षीपुराव्यानें उलगडा झाला नाहीं तर पुष्कळदां रवा काढण्याचें दिव्य होई. रवा म्हणजे उकळत्या तेलातुपांत टाकलेला धातूचा तुकडा. दिव्य करणाराचे हात आधीं साबणानें धूत, नखें काढीत, हातांवर पिशव्या चढवून त्यांवर मोहोर करीत. वादाचा मजकूर लिहून तें भाळपत्र त्याच्या कपाळीं बांधीत. रवा काढल्यावर पुन्हां पिशवी व पुन्हां मोहोर. आणि नेमल्या दिवशीं ती सोडून सर्वांसमक्ष हात पाहत. हात चांगला तर मनुष्य खरा, फोड दिसले तर खोटा. साबण, नखें, मोहोर! देवाचा निकाल मागणाऱ्या त्या सभेस माणसाच्या लबाडीची केवढी धास्ती होती, हें यावरून दिसतें. १८१८ नंतर इंग्रजांच्या अमलांत कचेऱ्यांतून दिव्य गेलें. गांवांतून तें पुरतें गेलें नाहीं, हें आम्हीं वाचकांस सांगावयास नको. चोरी झाली कीं संशयितांस मंतरलेले तांदूळ चावावयास देण्याची चाल आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकिली असेल, आणि तीही नारदस्मृतींतील दिव्यांत सांपडते.

हें वाचून जर कोणास असें वाटलें कीं, युरोपांतील ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांत असला प्रकार नसेल, तर त्यानें पुढील हकीकत सावकाश वाचावी. दहाव्या शतकांतील इंग्रजी कायद्यांत तापल्या लोखंडाचा विधि दिला आहे. आरोपीनें तीन दिवस याजकाजवळ राहून उपास करावा, प्रभुभोजन घ्यावें. मग मंदिरांतच लोखंड तापवावें, प्रार्थना म्हणाव्या, आणि आरोपीनें तें हातांत घेऊन नऊ पावलें जावें. वजन एक रत्तल, अपराध घोर असल्यास तीन. नंतर हात बांधून त्यावर मोहोर करावी आणि तिसऱ्या दिवशीं पाहावें. आपल्याकडे सात मंडळें, तिकडे नऊ पावलें; मोहोर मात्र दोन्हीकडे एकच! दुसरा प्रकार थंड पाण्याचा. मनुष्यास बांधून आशीर्वाद दिलेल्या पाण्यांत सोडीत. बुडाला तर पाण्यानें त्याचा स्वीकार केला म्हणून निर्दोष, तरंगला तर दोषी. पाण्यास आशीर्वाद देणारा, लोखंडावर प्रार्थना म्हणणारा, शेवटीं हात सोडून पाहणारा, सर्व ठिकाणीं याजक हजर. त्याच्यावांचून दिव्य होत नसे, आणि या कामाबद्दल मंदिरांस फीही मिळे.

येथें विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मतें सर्व प्रकरणाचें मर्म तींतच आहे. दिव्य सर्वांच्या वांट्यास सारखें येत नसे. युरोपांत ज्यास मित्र, नातलग व चांगलें नांव असे, त्यास बहुधा तापलें लोखंड धरावें लागत नसे. तो आपण शपथ घेई, आणि 'याची शपथ खरी आहे' असें त्याच्या वतीनें शपथेवर सांगणारे शेजारी उभे करी. ज्याच्या वतीनें बोलण्यास कोणी पुढें येत नसे, म्हणजे परका, निराश्रित, पूर्वीं नांव खराब झालेला, किंवा दास, त्यास देवाकडे पाठवीत. बाराव्या शतकाच्या अखेरीचा, ग्लॅनव्हिल याच्या नांवानें चालत आलेला इंग्रजी कायद्याचा ग्रंथ स्पष्टच सांगतो कीं, स्वतंत्र मनुष्यास लोखंड आणि जमिनीशीं जखडलेल्या कुळास पाणी. आपल्याकडे याज्ञवल्क्यानें स्त्री, बालक, वृद्ध, अंध, पंगु, रोगी आणि ब्राह्मण यांस तुला सांगितली आहे. शूद्रास अग्नि, जल, किंवा सात यव विष. दुर्बळांवर कांहीं दया केली आहे हें खरें, व तें कबूल केलें पाहिजे. परंतु धडधाकट ब्राह्मणास तराजू आणि कष्टकऱ्यास विष, ही वांटणी देवानें केली असें कोण म्हणेल? देवाच्या दरबारांत जावयाचें तरी दाराशीं जात विचारून घेत, असा हा प्रकार होता. आमच्या वाचकांच्या पूर्वजांस कोणत्या दारानें पाठविलें असतें, हें ज्याचें त्यानें ओळखावें.

आणि दरबारांत गेल्यावर निकाल तरी देवाचा लागे काय? हंगेरीच्या राज्यांतील व्हाराद गांवीं, जें आतां रुमानियांत असून ओरादेआ म्हणून ओळखलें जातें, तेथील मंदिरांत १२०८ ते १२३५ या काळांत झालेल्या लोखंडाच्या दिव्यांची नोंदवही टिकून राहिली आहे. ज्या दिव्यांचा निकाल तींत लिहिला आहे, त्यांत निम्म्याहून अधिक लोक निर्दोष ठरले आहेत. तापलें लोखंड धरून निम्म्याहून अधिकांचे हात चांगले राहावेत, हें कसें? लोखंड किती वेळ आगीवर ठेवावें, प्रार्थना लांबवून तें किती निवूं द्यावें, तिसऱ्या दिवशीं जखम 'चांगली' म्हणावी कीं 'वाईट', हें सर्व याजकाच्या हातीं होतें. कित्येक याजकांनीं दया केली असावी असेंच आम्हांस वाटतें, आणि त्याबद्दल त्यांस दोष द्यावा असें वाटत नाहीं. परंतु जेथें दया करणें हातांत होतें, तेथें सूड घेणेंही हातांत होतें. आणि दोन्हीवर नांव मात्र देवाचें पडलें.

राजांस हें कळत होतें. अकराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत विल्यम रूफस राजाच्या रानांतील हरिणें मारल्याच्या आरोपावरून पन्नास माणसांनीं लोखंड धरलें, आणि तिसऱ्या दिवशीं सर्वांचे हात स्वच्छ निघाले. तेव्हां राजा खवळून म्हणाला कीं, असला देवाचा न्याय आपणांस नको, यापुढें निकाल आपणच देऊं. ही गोष्ट त्या काळच्या ईडमर नांवाच्या मठवासीयानें राजाच्या नास्तिकपणाचें उदाहरण म्हणून लिहून ठेविली आहे. नास्तिक कोण, राजा कीं लोखंड निवूं देणारे, हा प्रश्न आम्ही सोडून देतों. पुढें ११६६ सालीं दुसऱ्या हेन्रीनें क्लॅरेंडन येथें कायदा केला कीं, पाण्याच्या दिव्यांत निर्दोष ठरलेला मनुष्यही जर शेजाऱ्यांत बदनाम असेल तर त्यानें देश सोडून जावें. म्हणजे देवानें सोडलें तरी राजा सोडीत नाहीं! ज्या निकालावर निकाल मागणाराचाच विश्वास नाहीं, तो मागावयाचा कशाला?

मंडळींतही कांहींजणांस हें टोंचत होतें. त्यांतील मोठें नांव म्हणजे पॅरिस येथें शास्त्र शिकविणारा पीटर. गायनप्रमुखाच्या हुद्द्यामुळें त्यास चँटर म्हणत. तो ११९७ सालीं वारला. त्यानें एक हकीकत सांगितली आहे. दोन इंग्रज यरुशलेमेच्या यात्रेस बरोबर निघाले. एकजण एकटाच परत आला. दुसऱ्याच्या नातलगांनीं त्यावर खुनाचा आरोप केला, पाण्याच्या दिव्यांत तो दोषी ठरला, आणि त्यास फांशीं दिलें. थोड्याच दिवसांनीं दुसरा यात्रेकरू जिवंत घरीं आला. तो वाटेनें स्पेनांतील सांतियागोच्या यात्रेस गेला होता. पीटर असेंही विचारी कीं, एकच तापलेलें लोखंड तिघांनीं एकामागून एक उचलावयाचें असेल तर तिसऱ्यास तें निवलेलें मिळणार. मग देव तिसऱ्यावर अधिक प्रसन्न काय? असे साधे प्रश्न विचारण्यास कधीं कधीं मोठ्या विद्वानाचें धैर्य लागतें.

पीटर गेल्यावर अठरा वर्षांनीं, १२१५ सालीं, पोप तिसरा इनोसंट यानें रोम येथील लॅटरन मंदिरांत मोठी परिषद भरविली. तिच्या अठराव्या नियमांत ठरलें कीं, उकळत्या वा थंड पाण्याच्या किंवा तापल्या लोखंडाच्या दिव्यास कोणाही याजकानें आशीर्वाद देऊं नये. लक्षांत घ्या, परिषदेनें राजांस असें सांगितलें नाहीं कीं तुम्ही दिव्य बंद करा. तिनें इतकेंच म्हटलें कीं, आमचा मनुष्य तेथें उभा राहणार नाहीं. परंतु याजक उभा राहीना तेव्हां लोखंड हें नुसतें लोखंड राहिलें. १२१९ सालीं इंग्लंडच्या राजसभेनें आपल्या फिरत्या न्यायाधीशांस कळविलें कीं, मंडळीनें मना केल्यामुळें आतां लोखंड व पाणी नाहीं. कित्येक शतकांची चाल मोडावयास सैन्य लागलें नाहीं. आशीर्वाद देणाऱ्यांनीं हात मागें घेतला, इतकें पुरलें. उपदेशकांनो, हें तुमच्याकरितां मुद्दाम लिहीत आहों.

येथें ही हकीकत संपली असती तर ती ऐकावयास गोड लागली असती. परंतु दिव्य गेल्यावर न्यायाधीशांपुढें मोठी पोकळी पडली. आतां सत्य शोधावयाचें कसें? इंग्लंडांत शेजारच्या बारा माणसांस शपथेवर विचारण्याची रीत हळूहळू बसली. पण जो आरोपी या पंचांचा निकाल मान्य करीना त्याच्या छातीवर वजनें ठेवून त्यास चेंगरण्याची क्रूर चाल पुढें पडली, ती १७७२ पर्यंत कायद्यांत होती. इतर देशांत न्यायाधीश कबुलीजबाबाच्या मागें लागले. १२५२ सालीं पोप चवथा इनोसंट यानें पाखंडी म्हणून धरलेल्यांस छळून कबुली घेण्यास परवानगी दिली. ज्या मंडळीनें तापल्या लोखंडावरून हात काढला, तिनेंच सदतीस वर्षांत तो दोरखंडावर ठेविला! तेंच धर्मन्यायालय पुढें आपल्या दारापर्यंत आलें. गोव्यांत तें १५६० सालीं स्थापन झालें आणि मधील थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललें. तेथें कारकून होते, दप्तरें होतीं, प्रश्नोत्तरें लिहून घेत. पण आपल्याविरुद्ध साक्ष कोणीं दिली हें आरोपीस सांगत नसत. दप्तर असलें म्हणजे न्याय असतो असें नाहीं.

हें सर्व रोमी मंडळीच्या माथीं मारून आपण हात धुवावे, अशी इच्छा आमच्या कांहीं वाचकांस होईल. त्यांस आम्ही पहिल्या जेम्स राजाची आठवण देतों. ज्याच्या आज्ञेनें तयार झालेलें इंग्रजी पवित्र शास्त्र १६११ सालीं प्रसिद्ध झालें, तोच हा. स्कॉटलंडचा राजा असतां १५९७ सालीं त्यानें चेटकिणींविषयीं एक पुस्तक लिहिलें, आणि पाणी चेटकिणीस आपल्या पोटांत घेत नाहीं, म्हणून ती तरंगते, असें त्यांत प्रतिपादन केलें. चारशें वर्षांमागें बंद झालेलें पाण्याचें दिव्य सुधारलेल्या मंडळीच्या देशांत बायकांकरितां पुन्हां निघालें. आणि आपल्याकडे? सातपुड्याच्या पायथ्याशीं, धुळें-नंदुरबारकडील डोंगरपट्ट्यांत, एखाद्या बाईस डाकीण ठरवून तिचे हाल केल्याच्या बातम्या आपल्या हयातींतल्या आहेत. २०२१ सालीं परांडे तालुक्यांत एका नवऱ्यानें बायकोवर संशय घेऊन तिला उकळत्या तेलांतून नाणें काढावयास लाविलें. रवा तोच, कढई तीच. महाराष्ट्रांत अघोरी प्रथांविरुद्ध २०१३ सालीं आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ सालीं कायदे झाले आहेत, ते प्रत्येक उपदेशकास ठाऊक असावेत. पण कायदा कढईपर्यंत पोहोंचतो तो बहुधा हात भाजल्यावर.

आतां शास्त्र वाचणारा मनुष्य आम्हांस अडवील, आणि त्यानें अडवावेंच. गणनेच्या पांचव्या अध्यायांत संशयित स्त्रीस कडू पाणी पाजण्याचा विधि नाहीं काय? यहोशवाच्या काळीं आखान चिठ्ठीनें सांपडला नाहीं काय? योनाच्या गलबतावर आणि मत्थियाच्या नेमणुकीच्या वेळीं चिठ्ठ्या टाकल्या नाहींत काय? हे उतारे नाहींतच असें दाखविणें अप्रामाणिकपणाचें होईल.

कडू पाण्याचें आधीं घेऊं. त्यांत होतें काय? पवित्र पाणी, निवासमंडपाच्या जमिनीवरील धूळ, आणि लिहून धुतलेली शापाचीं अक्षरें. यानें कोणास इजा होत नाहीं. म्हणजे तेथें स्त्री दोषी ठरण्यास चमत्कार व्हावा लागे. तेलाच्या व लोखंडाच्या दिव्यांत ती निर्दोष ठरण्यास चमत्कार व्हावा लागतो. एकांत संशयी नवऱ्याच्या रागापासून तिची सुटका होण्याची वाट आहे, दुसऱ्यांत ती भाजली जाण्याचीच. तरीपण हा विधि स्त्रीसच कां, पुरुषास कां नाहीं, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं, व गेला असें आम्ही म्हणत नाहीं. आखानाच्या बाबतींत चिठ्ठीवर काम संपलें नाहीं. यहोशवानें त्यास विचारलें, त्यानें कबूल केलें, मग माणसें धांवत डेऱ्यांत गेलीं आणि पुरलेला माल वर काढून सर्वांपुढें ठेविला. योनाच्या गलबतावरील खलाशी तर परराष्ट्रीय. चिठ्ठी निघाल्यावरही त्यांनीं त्यास एकामागून एक प्रश्न विचारले, आणि त्यास वांचवावें म्हणून कांठाकडे जाण्याकरितां जिवापाड वल्हीं मारलीं. आमच्या वस्तींतील कितीजणांनीं त्या बाईकरितां वल्हें मारलें? मत्थियाच्या वेळीं मंडळीनें दोन योग्य माणसें आधीं स्वतः निवडलीं, आणि तेथें कोणाच्या अपराधाची गोष्टच नव्हती. शेवटीं आपल्या प्रभूचें उदाहरण. मंदिराच्या शिखरावर उभें करून सैतानानें त्यास उडी टाकावयास सांगितलें, देव झेलील म्हणून वचनही दाखविलें. देव झेलूं शकतो याविषयीं प्रभूस शंका नव्हती. त्यानें उडी टाकिली नाहीं.

तर मग कचेरींत शपथ घेतात ती कशी चालते, असें उपदेशकांनीं विचारलें, आणि हा प्रश्न चांगला होता. कचेरींतील शपथेनें चौकशी सुरू होते. साक्षीदारानें शपथ घेतली म्हणून न्यायाधीश उठून जात नाहीं. उलट तपासणी तेथून पुढें चालते. वस्तींतील शपथेनें चौकशी संपते. तिचा उपयोगच तो असतो. आपल्या कायद्यांतही कांहीं काळ या दोहोंची सरमिसळ होती. १८७३ च्या शपथेच्या कायद्यांत एक पक्षकार दुसऱ्यास म्हणूं शके कीं, तूं आपल्या धर्माप्रमाणें अमुक शपथ घेतलीस तर मला तुझें म्हणणें मान्य आहे. मग तेवढ्यावरच त्या मुद्द्याचा निकाल होई. १९६९ च्या नव्या कायद्यांत ही तरतूद ठेविली नाहीं. शंभर वर्षांच्या अनुभवानें सरकारास जें सोडावेंसें वाटलें, तें मंडळीनें मंदिरांत आणावें काय?

आम्ही हें परक्याच्या दोषाप्रमाणें लिहीत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका वसतिगृहावर आमची देखरेख असतां कंदील चोरीस गेला, आणि एका पोरक्या मुलावर संशय आला. आम्हीं त्याच्या हातीं शास्त्र देऊन शपथ घेवविली. तो रडत रडत शपथ घेऊं लागला, आणि त्याचें रडणें हीच कबुली असें आम्हीं धरलें. पावसाळा संपल्यावर तो कंदील गवताच्या गंजीमागें सांपडला. गडी विसरून गेला होता. मुलगा तोंपर्यंत निघून गेला होता. इतर मुलांपैकीं एकासही आम्हीं शपथ घातली नव्हती, कारण इतर मुलांना बाप होते आणि ते शनिवारीं भेटावयास येत. तेव्हां आम्हांस वाटलें होतें कीं आम्हीं निवाडा देवावर सोंपविला. खरें पाहतां शोध करण्याचे श्रम आम्हांस नको होते, गड्यास विचारण्याचें सुचलें नाहीं, आणि ज्याच्या वतीनें कोणी भांडणार नाहीं तो मुलगा समोर होता. देवानें आम्हांस डोळे, कान, शेजारी आणि बुद्धि दिली असतां तीं न वापरतां आम्हीं त्यास साक्षीस ओढलें. पीटर चँटर याचे प्रश्न आम्हीं त्या काळीं वाचले नव्हते. पण ते न वाचतांही गंजीमागें पाहतां आलें असतें.

उपदेशकांस आम्हीं इतकेंच सांगितलें: शास्त्र कपाटांतच राहूं द्या आणि भिशीची वही बाहेर काढा. बाईस जें विचाराल तेंच दोन्ही वडिलांस विचारा, त्याच शब्दांत, त्याच बांकावर बसवून. वडील रागावतील, रागावूं द्या.

वडील रागावले. एकजण दोन रविवार मंदिरांत आले नाहींत. उपदेशक तीन संध्याकाळ वही घेऊन बायकांमध्यें बसले, तेव्हां निघालें कीं, दिवाळीच्या सुमारास दोघींनीं प्रत्येकीं २,००० रुपये उसने घेतले होते, आणि तें वहींत न लिहितां दिनदर्शिकेच्या पाठीमागें लिहिलें होतें. वर्ष बदलल्यावर ती दिनदर्शिका भिंतीवरून उतरली. राहिलेले २,४०० रुपये सांपडले नाहींत. कोणीं घेतले हें कळलें नाहीं. वृद्ध गृहस्थ अजून म्हणतात कीं, देवावर सोंपविलें असतें तर निकाल पुरता लागला असता.

त्या तीन आठवड्यांच्या आंत बाईच्या मुलास ताप आला. त्याच दिवसांत वस्तींतील आणखी चार मुलांस ताप होता. पहूरच्या दवाखान्यांतून औषध आणलें, आणि पांचव्या दिवशीं तो उतरला. बाई अद्याप शनिवारीं मंदिर झाडावयास येते. कपाटाची किल्ली मात्र उपदेशकांनीं दोनदां पुढें केली, तरी तिनें परत घेतलेली नाहीं.